बिनसाखरेची ब्राउनी दुसऱ्या दिवशी कचकचते ती का, आणि त्यावर काय करायचं

संध्याकाळी ओव्हनमधून काढली तेव्हा ब्राउनी मऊ, ओलसर, अगदी हवी तशी होती. रात्री झाकून ठेवली. सकाळी सुरी घातली तर पात्याखाली करकर वाजलं आणि तुकडा तोंडात टाकल्यावर दाताखाली कचकच. वर जिभेला गारवा, पेपरमिंट चघळल्यासारखा. साखरेऐवजी एरिथ्रिटॉल नावाची गोड भुकटी वापरणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे येतं. मग कोणी अंडी वाढवतं, कोणी बटर वाढवतं, कोणी बदामाचं पीठ दोनदा चाळतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बाबांना मधुमेह निघाला तेव्हा त्यांच्या ताटातून बऱ्याच गोष्टी एका दिवसात गेल्या. चॉकलेटचा एक तुकडा तरी त्यांच्यासाठी राहावा असं मला मनापासून वाटत होतं. ब्राउनी केली त्या दिवशी ते आवडीने खायचे. दुसऱ्या दिवशी काही न बोलता अर्धा तुकडा ताटलीत तसाच ठेवून उठायचे. त्या उरलेल्या अर्ध्या तुकड्यापायी मी हे सगळं खोदून काढलं.

आधी कचकच नेमकी कशाची ते ओळखा

तुकडा मोडा आणि मोडलेली कड उजेडात धरा. बारीक चमचम दिसते का? मग चिमूटभर चुरा जिभेवर ठेवा आणि चावू नका, नुसता थांबू द्या. कण विरघळत गेले आणि जीभ गार पडली तर तो एरिथ्रिटॉल. कण तसेच राहिले आणि शेवटी चोथा उरला तर ते बदामाचं जाडं पीठ. दुसऱ्या प्रकाराचा उपाय साधा आहे: सालं काढलेल्या बदामांचं अगदी बारीक पीठ घ्या आणि चाळून वापरा. तिथेच तो विषय संपतो.

एरिथ्रिटॉलच निघाला, तर पुढचा प्रश्न: ब्राउनी कोमट असतानाही कचकचत होती, की गार झाल्यावर कचकचायला लागली? कोमट असतानाच दाण्यांसारखं लागत असेल तर तुमचं एरिथ्रिटॉल मुळात विरघळलंच नाही. दाणेदार घातलं, तेही थेट वितळलेल्या बटरमध्ये घातलं, असं बहुधा झालेलं असतं. बटरमध्ये ते कितीही घोटलं तरी विरघळत नाही, कारण साखर काय किंवा एरिथ्रिटॉल काय, विरघळायला पाणी लागतं आणि बटरमध्ये पाणी असतं जेमतेम १६ ते १८ टक्के. आणि ‘ओव्हनमध्ये वितळेल की’ ही आशाही खोटी आहे. एरिथ्रिटॉल सुमारे १२१ अंश सेल्सियसला वितळतं आणि ओलसर ब्राउनीचा गाभा १०० अंशांच्या वर जात नाही.

कोमट असताना गुळगुळीत आणि सकाळी कचकच, ही खरी चिवट तक्रार. इथे एरिथ्रिटॉल विरघळलं होतं, पण रात्रीतून पुन्हा स्फटिक होऊन बाहेर आलं. नुसतं दळून घेतल्याने हे थांबत नाही. मीही कित्येक दिवस मिक्सरमध्ये ते पिठीसारखं दळत होते. दळल्याने ते लवकर विरघळतं एवढंच. पुन्हा बाहेर यायचं ते येतंच, कारण हिशेब चुकलेला असतो पाण्याचा.

पाण्याचा हिशेब

खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधी साखर सुमारे २०० ग्रॅम विरघळते. एरिथ्रिटॉल विरघळतं जेमतेम ६० ग्रॅम. पाणी गरम असेल तर दोन्ही जास्त विरघळतात, म्हणून ओव्हनमधून काढलेली ब्राउनी आपल्याला फसवते. ती गार होत जाते तसं पाणी एरिथ्रिटॉलला बाहेर ढकलतं.

माझी जुनी कृती घ्या. ३ अंडी, ११५ ग्रॅम बटर, १८० ग्रॅम एरिथ्रिटॉल. कवचाशिवाय तीन अंड्यांचं वजन साधारण १५० ग्रॅम, त्यात पाणी ११० ग्रॅमच्या आसपास. बटरमधलं पाणी वीसेक ग्रॅम. म्हणजे सगळं मिळून १३० ग्रॅम. त्यात थंड झाल्यावर फार तर ७८ ग्रॅम एरिथ्रिटॉल राहू शकतं, आणि हेही पाण्याचा थेंबही उडाला नाही असं धरून. प्रत्यक्षात भाजताना पाणी उडतं आणि कोको पावडर पाणी पिऊन बसते. म्हणजे १८० पैकी १०० ग्रॅमहून जास्त एरिथ्रिटॉलला ब्राउनीत राहायला जागाच नव्हती. ते स्फटिक होऊन दाताखाली येणारच होतं. माझा हात चुकला नव्हता, ओव्हन चुकला नव्हता, प्रमाणच चुकलं होतं. हे आकडे पहिल्यांदा कागदावर मांडले तेव्हा मला फार हायसं वाटलं.

गारव्याचं कारणही हेच. एरिथ्रिटॉलचा स्फटिक तोंडात विरघळताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतो, एका ग्रॅममागे सुमारे १८० ज्यूल. साखरेच्या बाबतीत हा आकडा त्याच्या दहाव्या भागाएवढा आहे. पण आधीच विरघळलेलं एरिथ्रिटॉल असा गारवा देत नाही, स्फटिकच देतो. म्हणून व्हॅनिला वाढवून, दालचिनी घालून हा गारवा झाकायचा खटाटोप करू नका. स्फटिक गेले की गारवा जातो.

सकाळी ब्राउनी कडक का लागते, तेही यातूनच कळतं. साध्या ब्राउनीत साखर अंड्यातल्या नि बटरमधल्या पाण्यात विरघळून दाट पाकासारखी राहते, पाणी धरून ठेवते आणि ब्राउनीला तो चिवट, ओलसर पोत देते. म्हणजे साखर तिथे गोडीबरोबर ओलाव्याचंही काम करत असते. एरिथ्रिटॉल हवेतला ओलावा धरत नाही, आणि स्फटिक झालं की पाकाचं काम सोडून देतं.

गोडी कमी पडली म्हणून एरिथ्रिटॉल वाढवू नका

बहुतेक जण इथेच अडकतात. एरिथ्रिटॉलची गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्के. २०० ग्रॅम साखरेच्या कृतीत २०० ग्रॅम एरिथ्रिटॉल घातलं की कोकोचा कडूपणा वर येतो. मग पुढच्या वेळी २६० घालतात. गोडी जमते, कचकच दुप्पट होते. मग ती घालवायला ब्राउनी जास्त भाजतात, पाणी आणखी उडतं. रोग रेड्याला अन् औषध पखालीला.

गोडी कमी वाटली तर ती शुद्ध स्टीव्हिया किंवा मंक फ्रूटच्या अर्काने भरून काढा. स्टीव्हियाचा शुद्ध अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतो. म्हणजे ५० ग्रॅम साखरेची गोडी यायला पाव ग्रॅमही पुरतो. चिमूट हे इथलं माप. दोन चिमटी झाल्या की मागे कडवट चव रेंगाळते. चव बघायची ती अंडी पडण्याआधी, कच्चं अंडं पडल्यावर नको.

मीठ विसरू नका. पाव चमचा मिठाने कोकोचा कडूपणा जितका मवाळ होतो तितका ३० ग्रॅम जास्तीच्या एरिथ्रिटॉलने होत नाही.

आता मी कशी करते

मुख्य बदल एकच. एरिथ्रिटॉल १८० वरून ४० ग्रॅमवर आणलं आणि त्याची जागा अ‍ॅल्युलोजला दिली. अ‍ॅल्युलोज ही रचनेने साखरच आहे, पण शरीर तिचा जवळजवळ उपयोग करत नाही. ग्रॅममागे सुमारे ०.४ कॅलरी, गोडी साखरेच्या ७० टक्क्यांच्या आसपास. ती पाण्यात साखरेसारखी सहज विरघळते, ओलावा धरते, आणि थंड झाल्यावर स्फटिक होऊन बाहेर येत नाही. मग सगळंच अ‍ॅल्युलोज का नाही? नुसत्या अ‍ॅल्युलोजची ब्राउनी मला फार मऊ, जरा गिचगिचीत वाटली. ४० ग्रॅम एरिथ्रिटॉलने तिला अंग येतं, आणि एवढं एरिथ्रिटॉल पाण्यात आरामात मावतं.

२० सेंटिमीटरचा चौकोनी पत्र्याचा टिन घ्या आणि त्यात बेकिंग पेपर असा घाला की दोन बाजूंनी बाहेर राहील. साहित्य असं: १२० ग्रॅम अ‍ॅल्युलोज, ४० ग्रॅम दळलेलं एरिथ्रिटॉल, चिमूटभर स्टीव्हिया अर्क, पाव चमचा मीठ, ३० मिलिलीटर गरम कडक कॉफी किंवा नुसतं गरम पाणी, २ अंडी आणि वर एक पिवळा बलक, ११५ ग्रॅम बिनमिठाचं बटर, ६० ग्रॅम ८५ ते ९० टक्क्यांचं चॉकलेट, ७५ ग्रॅम बदामाचं बारीक पीठ, ४० ग्रॅम कोको पावडर, पाव चमचा झँथन गम (मिश्रण बांधून ठेवणारी पावडर), चमचाभर व्हॅनिला. बेकिंग पावडर नाही. ती घातली की केक होतो, ब्राउनी राहत नाही.

मोठ्या भांड्यात अ‍ॅल्युलोज, एरिथ्रिटॉल, स्टीव्हिया आणि मीठ घ्या, वर गरम कॉफी ओता आणि ढवळत राहा. आधी ओल्या वाळूसारखं दिसेल, मग हळूहळू दाट पाकासारखं होईल. एरिथ्रिटॉलला पाणी भेटण्याची ही पहिली संधी, ती घाईत घालवू नका. कोमट झाल्यावर अंडी, बलक आणि व्हॅनिला घालून तीन-चार मिनिटं फेटा. मग दहा मिनिटं तसंच राहू द्या आणि पुन्हा एकदा फेटा. आता थेंबभर मिश्रण दोन बोटांत चोळून बघा. एकही कण लागता कामा नये. लागला तर आणखी पाच मिनिटं थांबा. माझ्या मते सगळ्या कृतीत ही बोटांची परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची आहे.

बटर नि चॉकलेट मंद आचेवर वितळवा, कोमट होऊ द्या, आणि धार धरून अंड्यांत मिसळा. शेवटी कोको, पीठ आणि झँथन गम एकत्र चाळून घाला. ओव्हन १६० अंशांवर. अ‍ॅल्युलोज साखरेपेक्षा लवकर तांबूस होतं, त्यामुळे १७५ किंवा १८० वर भाजली तर कडा करपतील आणि मध्य कच्चा राहील. अठराव्या मिनिटापासून बघायला लागा. माझ्या ओव्हनमध्ये २२ ते २४ मिनिटं लागतात.

बाहेर काढल्यावर टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्या, निदान दोन तास. बदामाच्या पिठात ग्लूटेन नाही, त्यामुळे गरम असताना तिला धरून ठेवणारं फारसं काही नसतं. बटर आणि चॉकलेट घट्ट झाल्यावरच तुकडे सुबक पडतात. गरम कापून ‘भुगा होतो’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची अडचण फक्त घाईची असते.

वरचा तो चकचकीत, कागदासारखा पातळ पापुद्रा या ब्राउनीवर येईल अशी अपेक्षा धरू नका. तो विरघळलेल्या साखरेचा आणि अंड्याचा असतो. अ‍ॅल्युलोजने थोडीफार चमक येते, तेवढ्यावर समाधान मानावं.

अ‍ॅल्युलोज मिळालं नाही तर

ते सगळीकडे मिळत नाही, काही देशांत खाण्याच्या पदार्थांत वापरायला अजून परवानगीही नाही. अशा वेळी ८० ग्रॅम झायलिटॉल आणि ५० ग्रॅम एरिथ्रिटॉल घ्या. झायलिटॉलची गोडी साखरेएवढी, ते पाण्यात एरिथ्रिटॉलपेक्षा बरंच जास्त विरघळतं, ब्राउनी मऊ राहते. पण ग्रॅममागे २.४ कॅलरी असतात आणि त्याने रक्तातली साखर थोडी वाढते, हे हिशेबात धरा. आणि घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल घरात आणूच नका. अगदी थोडं पोटात गेलं तरी कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली येते, यकृत निकामी होऊ शकतं. सांडलेला चुरा, ओट्यावर विसरलेला तुकडा, एवढंही पुरतं.

दोन्ही नको असतील तर एरिथ्रिटॉल ७० ग्रॅमवर थांबवा, बाकी गोडी स्टीव्हियाने आणा, आणि खाण्याचं ग्लिसरीन एक मोठा चमचा घाला. ग्लिसरीन ओलावा धरतं आणि स्फटिक व्हायला अडथळा करतं. ब्राउनी थोडी बसकी होईल, पण सकाळी कचकचणार नाही. पंधरा ग्रॅम इन्युलिनने, म्हणजे तंतूंच्या पावडरनेही, अंग भरतं, मात्र सवय नसलेल्याच्या पोटात वायू धरतो.

तेल सुटणं आणि कोरडी पडणं

कचकच सोडवता सोडवता या दोन तक्रारी हटकून डोकं वर काढतात.

तेल सुटतं तेव्हा मिश्रण आधीच सांगत असतं. भांड्याच्या कडेला तेलाची रेघ दिसते, मध्ये मिश्रण गोळा होऊन फाटल्यासारखं होतं. बदामाच्या पिठात निम्मी चरबीच असते, आणि मैद्यासारखा स्टार्च नसल्याने वरचं बटर धरायला कोणी नसतं. म्हणून मैद्याच्या कृतीतलं बटर जसंच्या तसं ठेवायचं नाही. शिवाय कडकडीत चॉकलेट-बटर थंड अंड्यांवर ओतलं की मिश्रण फाटतंच. दोन्ही कोमट असावीत. फाटलंच तर फेकू नका. चमचाभर गरम पाणी घालून जोरात फेटा, लागलं तर आणखी एक चमचा. ते मातट, तेलकट मिश्रण बघता बघता एकजीव होतं आणि त्यावर चमक येते. हे पहिल्यांदा डोळ्यांसमोर घडलं तेव्हा मी गॅस बंद करायचंही विसरले होते.

कोरडी पडते ती बहुधा दोन कारणांनी. एक, नारळाचं पीठ. ते बदामाच्या पिठाच्या कितीतरी पट पाणी ओढतं, त्यामुळे ७५ ग्रॅम बदामाच्या पिठाच्या जागी ७५ ग्रॅम नारळाचं पीठ घातलं तर हातात वीट येईल. २० ते २५ ग्रॅम पुरे, आणि तरी एक अंडं जास्त लागेल. दुसरं कारण म्हणजे टूथपिक स्वच्छ निघेपर्यंत भाजणं. टूथपिकला ओलसर चुरा चिकटून यायला हवा, पातळ मिश्रण नको. कडा घट्ट झाल्या आणि टिन हलवल्यावर मध्य किंचित थरथरला की काढा, आतल्या उष्णतेने ती पुढे शिजतच राहते. काचेचं भांडं वापरत असाल तर आणखी लवकर, कारण काच उष्णता धरून ठेवते.

पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा

हे मी कळकळीने सांगते, कारण ज्यांच्यासाठी आपण हा खटाटोप करतो त्यांच्याच रक्तात साखर वाढली तर काय उपयोग? ‘शुगर फ्री’ म्हणजे कमी कर्बोदकं असं नसतं. स्टीव्हियाच्या कित्येक पुड्यांमध्ये स्टीव्हिया नावाला आणि बाकी सगळं माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असतं, आणि ही दोन्ही साखरेइतकी किंवा तिच्याहूनही झपाट्याने रक्तात उतरतात. बिनसाखरेच्या चॉकलेटमध्ये बरेचदा माल्टिटॉल असतं. त्याने साखर कमी वाढते, पण वाढते, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. त्यापेक्षा ९० टक्क्यांचं साधं कडू चॉकलेट बरं.

वर दिलेल्या कृतीचे १६ तुकडे केले तर तंतू, एरिथ्रिटॉल आणि अ‍ॅल्युलोज वजा जाता एका तुकड्यात दीड-दोन ग्रॅम कर्बोदकं उरतात. २०० ग्रॅम साखरेच्या ब्राउनीच्या तेवढ्याच तुकड्यात नुसती साखरच साडेबारा ग्रॅम भरते. बाबांनी पहिल्या वेळी तुकडा खाऊन दोन तासांनी साखर मोजली होती. तुमच्याही घरी मोजावी, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. आणखी एक गोष्ट: २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या संशोधनात रक्तातलं एरिथ्रिटॉलचं जास्त प्रमाण आणि हृदयविकाराचा धोका यांचा संबंध दिसला होता. एरिथ्रिटॉलमुळेच तो धोका वाढतो हे त्यातून सिद्ध झालेलं नाही. तरी घरात हृदयाचा आजार असलेलं कोणी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मी एरिथ्रिटॉल ४० ग्रॅमवर आणलं त्यामागे हेही एक कारण आहे.

कचकचणारा टिन आत्ता समोर असेल तर

टाकू नका. एकेक तुकडा मायक्रोवेव्हमध्ये दहा-पंधरा सेकंद गरम करा. काही स्फटिक पुन्हा विरघळतात आणि ब्राउनी मऊ होते, पण ती तेवढ्यापुरतीच, म्हणून लगेच खा. अख्खा टिनच बिघडला असेल तर त्याचा चुरा करा, थोडी गरम साय घालून मळा, लहान गोळे वळा आणि कोकोत घोळवा. सायीतल्या पाण्याने कचकच पूर्ण जात नाही, पण बरीच बोथट होते.

पुढच्या खेपेपासून ठेवण्याचीही काळजी घ्या. फ्रीजमध्ये ब्राउनी लवकर घट्ट होते आणि एरिथ्रिटॉलला बाहेर पडायला थंडी हवीच असते. दोन दिवसांत संपणार असेल तर हवाबंद डब्यात बाहेरच ठेवा. जास्त दिवस ठेवायची असेल तर तुकडे बेकिंग पेपरमध्ये वेगवेगळे गुंडाळून थेट फ्रीजरमध्ये टाका आणि खायच्या तासभर आधी बाहेर काढा. बाबांचे तुकडे मी असेच ठेवते, एका पुडीत एक.